बेस मॉडेल की टॉप मॉडेल? जीपच्या व्हेरिएंट-यादीचा ८० वर्षांचा इतिहास

१/२०
थंडीतल्या रविवारी हरिहरेश्वरच्या मंदिराबाहेर गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत कधी ताडपत्रीच्या छपराची जुनी जीप असते, कधी आडव्या बाकांची कमांडर असते आणि नव्या थार तर असतातच. नव्या गाडीपुढे बहुतेकदा एकच चर्चा रंगते : बेस घेतली की टॉप? फोर बाय फोर घेतली की साधी? हा प्रश्न शोरूममधला वाटतो, पण त्याला लष्करी, औद्योगिक आणि करविषयक असा दीर्घ इतिहास आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२/२०
प्रथम स्थळाविषयी. सावित्री नदी समुद्राला मिळते तेथे, श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वर वसले आहे. १७१३ मध्ये पेशवेपदावर आलेले बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचे, आणि हरिहरेश्वर हे त्यांच्या घराण्याचे कुलदैवत. हा मुलूख मात्र जंजिऱ्याच्या सिद्दीचा होता. जंजिरा संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. शतकानुशतके येथे येण्याचे मार्ग दोनच होते. समुद्रातून मचवा किंवा पडाव, आणि जमिनीवरून पायवाट, घोडा, डोली किंवा पालखी. चाकाला या भूगोलात फारसे स्थान नव्हते.

३/२०
पुणे आणि मुंबई यांच्यामधल्या बोरघाटातून चाकाची वाहने नेण्याजोगा रस्ता खुला झाला तो १८३० मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत. तोपर्यंत घाटावरचा माल कोकणात उतरत असे तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. म्हणजे ‘वाहन निवडणे’ याचा येथील जुना अर्थ ‘जनावर निवडणे’ असा होता. त्या निवडीत एक फरक फार महत्त्वाचा होता : जनावर कोणाच्या मालकीचे?

४/२०
मराठा घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिराला घोडा आणि शस्त्र सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. घोडा मेला तर शिलेदाराचे भांडवलच जाई, त्यामुळे जनावर धोक्यात घालताना त्याचा हात आखडे. शिवकाळात पागेतल्या सरकारी घोडेस्वारांवर भर होता आणि २५ बारगिरांवर एक हवालदार असे, त्यामागे हेही एक कारण मानले जाते. वाहनासाठी मालकाने मोजलेली किंमत त्या वाहनाचा वापर ठरवते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

५/२०
आता १९४०. युरोपात महायुद्ध पेटले होते आणि अमेरिकी लष्कराला घोडा व मोटारसायकल या दोहोंची जागा घेणारे हलके वाहन हवे होते. जुलैमध्ये १३५ कंपन्यांकडे मागणी गेली. अटी कठोर होत्या : चारही चाकांना ओढ, वजन १३०० पौंड म्हणजे सुमारे ५९० किलो, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत. बँटम या छोट्या कंपनीने २३ सप्टेंबरला नमुना हजर केला. वजनाची अट मात्र कोणालाच पाळता आली नाही. ती पुढे २१६० पौंडांपर्यंत सैल करावी लागली.

६/२०
विलीज-ओव्हरलँडचे मुख्य अभियंते बार्नी रूस यांच्याकडे ६० अश्वशक्तीचे उत्तम इंजिन होते, पण गाडी जड होती. वजन घटवण्यासाठी बोल्टची जास्तीची लांबी कापली आणि रंगाचाही एकच हात दिला, असे सांगितले जाते. १९४१ मध्ये मोठे कंत्राट विलीजला मिळाले आणि त्याच आराखड्यावर फोर्डनेही गाड्या बनवल्या. युद्धाच्या अखेरीपर्यंत दोघांच्या मिळून सुमारे ६.४ लाख जीप तयार झाल्या. या ६.४ लाख गाड्यांना बेस किंवा टॉप असे काही नव्हते. एका कंपनीच्या गाडीचा भाग दुसरीच्या गाडीला बसणे, हेच तिचे मोठे वैशिष्ट्य होते.

७/२०
यादी जन्मली ती शांततेत. १९४५ मध्ये विलीजने नागरी ग्राहकासाठी, मुख्यतः शेतकऱ्यासाठी, ‘सीजे-२ए’ आणली. या गाडीत मूळ किमतीत काय मिळत होते, हे आजच्या ग्राहकाला चकित करणारे आहे. आसन एकच, चालकाचे. आरसाही एकच, चालकाच्या बाजूचा. शेजारचे आसन, मागचे आसन, कॅनव्हासचे छप्पर, शेतीची अवजारे चालवण्यासाठी इंजिनातून शक्ती बाहेर काढणारी जोडणी, या सर्वांचे पैसे वेगळे. चारही चाकांची ओढ मात्र मूळ किमतीतच होती.

८/२०
यामागचा विचार स्पष्ट होता. जीप म्हणजे चिखलात चालणारे यंत्र, आणि त्या यंत्रावर बसण्याची सोय ही चैन. ‘आवश्यक’ आणि ‘जास्तीचे’ यांच्यामध्ये कंपनीने आखलेली ही पहिली रेषा. पुढच्या ८० वर्षांचा इतिहास म्हणजे ही रेषा कशी सरकत गेली याचा इतिहास.

९/२०
जीपची भारतीय कथा मुंबईत सुरू होते. १९४५ मध्ये जे. सी. महिंद्रा आणि के. सी. महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्यासह ‘महिंद्रा अँड मुहम्मद’ ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. के. सी. महिंद्रा युद्धकाळात अमेरिकेत भारतीय पुरवठा मंडळाचे प्रमुख होते आणि तेथेच त्यांची बार्नी रूस यांच्याशी भेट झाली होती. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले व पुढे गव्हर्नर-जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले.

१०/२०
पहिल्या ७५ जीप सुट्या भागांच्या पेट्यांतून आल्या आणि माझगावात जोडणीचे काम उभे राहिले. गोदीजवळच्या या जागेची निवड साहजिक होती, कारण पेट्या समुद्रमार्गेच येत. पुढे टप्प्याटप्प्याने भाग देशात बनू लागले आणि कांदिवलीचा कारखाना या उद्योगाचे केंद्र झाला. हरिहरेश्वरपासून मुंबईचे अंतर फार नाही, पण त्या काळात हा मार्ग बोटीचा होता. कोकणचा माणूस माझगावच्या गोदीत बोटीवर चढे, आणि त्याच परिसरात पुढच्या काळाचे वाहन जोडले जात होते.

११/२०
‘कोणती जीप घ्यावी’ या प्रश्नाने स्वतंत्र भारताच्या संसदेतही वादळ उठवले. १९४८ मध्ये काश्मीर युद्धासाठी जीप तातडीने हव्या होत्या. लंडनमधले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी प्रचलित कार्यपद्धती बाजूला ठेवून सुमारे ८० लाख रुपयांचा करार एका परदेशी कंपनीशी केला. या गाड्या नव्या नव्हत्या, दुरुस्त केलेल्या होत्या. त्यांतल्या १५५ भारतात पोचल्या आणि त्या वापरण्याजोग्या नसल्याचे आढळले. सरकारने १९५५ मध्ये प्रकरण बंद केले आणि १९५६ मध्ये मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. नवी की दुरुस्त केलेली, हा निर्णय यादीतल्या कोणत्याही रकान्याहून महत्त्वाचा असतो, याचे हे जुने उदाहरण.

१२/२०
१९५३ मध्ये विलीजने उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ आणली. नवे इंजिन जुन्या बॉनेटखाली मावत नव्हते, म्हणून बॉनेटच उंच केले. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये संपले. भारतात त्याचा वंश पुढेही कित्येक दशके चालू राहिला. स्पर्धा थोडी, आयात जवळपास बंद, आणि सरकारी खाती व लष्कर हे मोठे ग्राहक. अशा बाजारात ग्राहकाला निवड करायला वाव नव्हता. पोलीस, वनखाते, बांधकाम खाते आणि तहसीलदार या सर्वांची जीप थोड्याफार फरकाने एकच. म्हणूनच मराठी खेड्यात ‘जीप आली’ याचा अर्थ बराच काळ ‘सरकार आले’ असा होता.

१३/२०
या एकसुरी काळात दोन फाटे फुटले आणि आजची यादी त्यांवरच उभी आहे. पहिला फाटा ओढीचा. १९६० च्या दशकात फक्त मागच्या चाकांना ओढ असलेल्या जीप आल्या. रस्ते सुधारत होते आणि पुढच्या धुरीची यंत्रणा काढल्याने गाडी हलकी व स्वस्त होत होती. दुसरा फाटा इंधनाचा. १९७९ मध्ये फ्रान्सच्या पूजो कंपनीच्या डिझेल इंजिनाचा परवाना मिळाला आणि ते इंजिन १९८० च्या दशकात ‘एमएम ५४०’ मध्ये आले. १९४५ मध्ये जे मूळ किमतीत मिळत होते, त्या चारही चाकांच्या ओढीचे आता वेगळे पैसे मोजावे लागणार होते. रेषा सरकली ती येथे.

१४/२०
१९९० च्या दशकात लांब बांध्याच्या कमांडरने खेडोपाडीची प्रवासी वाहतूक उचलली. मागे समोरासमोर दोन आडवे बाक, आणि त्यांवर कागदावरच्या संख्येहून बरीच अधिक माणसे. पश्चिम महाराष्ट्रात या वाहतुकीला ‘वडाप’ म्हणतात. वडापच्या चालकाने त्याच रचनेतून जास्तीत जास्त भाडे काढले. एसटी जिथे दिवसातून एकदाच जाई, तिथे या बाकांनी रुग्ण, विद्यार्थी आणि बाजारकरू पोचवले, हेही नोंदवले पाहिजे. पण अपघातात सर्वांत असुरक्षित माणूस त्याच बाकावर बसलेला असे.

१५/२०
२०१० मध्ये ‘थार’ आली तेव्हा यादी तीन ओळींची होती : जुन्या घडणीच्या ६३ अश्वशक्तीच्या डीआय इंजिनाची मागच्या ओढीची गाडी, त्याच इंजिनाची फोर बाय फोर, आणि १०५ अश्वशक्तीच्या सीआरडीई इंजिनाची फोर बाय फोर. निवड इंजिन आणि ओढ यांपुरतीच होती. मागचे बाक आडवेच राहिले. त्याच गाडीचे ग्राहकही दोन प्रकारचे झाले. कोणी शेतावर आणि गावात वापरण्यासाठी डीआय घेई, तर शहरातला हौशी ग्राहक घाटवाटांसाठी सीआरडीई घेई.

१६/२०
१५ ऑगस्ट २०२० रोजी नवी थार दाखवली गेली आणि २ ऑक्टोबरपासून तिची विक्री सुरू झाली. एएक्स आणि एलएक्स अशा दोन श्रेणी, एक्स-शोरूम किंमत ९.८० लाखांपासून १३.७५ लाखांपर्यंत. चारही चाकांची ओढ आणि लो रेंज सर्वांत होती. सर्वांत स्वस्त एएक्समध्ये मागे आडव्या बाकांवर चार जण, एकूण सहा. वरच्या श्रेणीत मागे समोर तोंड असलेली दोन आसने, एकूण चार. म्हणजे कमी पैशांत जास्त माणसे. ग्राहकाला हा सौदा आकर्षक वाटणे साहजिक होते. नोव्हेंबरमध्ये ग्लोबल एनसीएपीच्या चाचणीत थारला प्रौढ आणि बालक या दोन्ही गटांत चार तारे मिळाले. चाचणीतली गाडी समोर तोंड असलेल्या आसनांची होती.

१७/२०
धडक समोरून बसते तेव्हा समोर तोंड करून बसलेल्याला खांद्यावरून जाणारा पट्टा आणि आसनाची पाठ सावरून धरतात. आडव्या बाकावरचे शरीर कडेला फेकले जाते. मान आणि कणा यांना त्या दिशेचा आधार नसतो, लहान मुलाचे आसनही तेथे नीट बसवता येत नाही. सहा जणांची आवृत्ती काही महिन्यांतच यादीतून गेली. वडापने घराघरात पोचवलेला आडवा बाक या गाडीतून असा निघाला. स्वस्त आवृत्तीत कमी झालेली गोष्ट चाकांची चकाकी आहे की मागच्या माणसाची सुरक्षा, हे पाहूनच ‘बेस’ शब्दाचे मोल ठरते.

१८/२०
२०२३ च्या जानेवारीत ९.९९ लाखांपासून मागच्या ओढीची थार आली, डिझेल इंजिन १.५ लिटरचे. हा आकडा अभियंत्याने एकट्याने ठरवलेला नाही. चार मीटरच्या आत लांबी आणि १५०० घनसेंटिमीटरच्या आत डिझेल इंजिन असेल तर कर कमी लागतो, आणि थारची लांबी आहे ३९८५ मिलिमीटर. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गटावर १८ टक्के, तर मोठ्या इंजिनांच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. दरम्यान १५ ऑगस्ट २०२४ रोजी पाच दारांची थार रॉक्स आली. तिच्या सर्वांत स्वस्त एमएक्स१ मध्ये सहा एअरबॅग आणि मोठा टचस्क्रीन आहे, पण ओढ मागच्याच चाकांना. १९४५ ची यादी येथे पूर्ण उलटी झाली. तेव्हा यंत्र मूळ किमतीत आणि आसन वेगळ्या पैशांत मिळे, आता पडदा मूळ किमतीत येतो आणि यंत्र वेगळ्या पैशांत.

१९/२०
मग हरिहरेश्वरसाठी काय हवे? माणगावहून म्हसळामार्गे येणारा रस्ता डांबरी आहे. सावित्रीच्या खाडीवरच्या बागमांडला-वेसवी फेरीबोटीत साधी मोटारही चढते. तेथवर येण्यासाठी फोर बाय फोर लागत नाही. ती लागते पावसाळ्यातल्या लाल चिखलात आणि शेताच्या बांधावर. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खारा वारा असलेल्या या किनाऱ्यावर खरा शत्रू गंज आहे. कॅनव्हासचे छप्पर जानेवारीत देखणे वाटते, जुलैमध्ये ते गळते. येथे राहणाऱ्याला घट्ट छप्पर, गाडीच्या तळाला गंजरोधक लेप आणि जवळचा मेकॅनिक यांचा उपयोग मोठ्या पडद्याहून अधिक. आणि वाळूवर गाडी घालण्याचा मोह टाळणेच शहाणपणाचे. समुद्री कासवांची अंडी याच किनारपट्टीच्या वाळूत असतात आणि सावित्रीपलीकडचे वेळास तर त्यांच्या संवर्धनासाठीच ओळखले जाते.

२०/२०
रुतलेली गाडी सोडवण्याला दुसरीही मर्यादा आहे. भरती-ओहोटी दिवसातून साधारण दोनदा येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीची वेळ पाहूनच करतात. खडकात कोरलेली ती वाट भरतीत पाण्याखाली जाते आणि लाटा माणसाला ओढून नेतात. ओल्या वाळूत चाके रुतल्यावर बेस आणि टॉप यांतला फरक फार काळ टिकत नाही, पाणी दोघांच्याही दारात येते. येथे शिलेदाराची आठवण होते. पूर्ण किंमत स्वतःच्या खिशातून भरलेला मालक जनावर जपून वापरत असे, कारण नुकसान त्याचे एकट्याचे होते. आज गाडी बहुतेकदा कर्जाची असते, नुकसान अर्धे विम्याचे असते, आणि म्हणून धाडस स्वस्त वाटते. यादी हाती आली की तीन रकाने आधी पाहावेत : मागे कोण बसणार, कोणत्या रस्त्यावर जाणार, आणि चौथा पावसाळा ती कशी काढणार. उरलेले रकाने त्यानंतर.

(धागा समाप्त)